चंदाची गोळी अन् माझा दीड तास

चंदाबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. तिची सासू मथुराबाई सांगते की देवीनं तिची वाचा घेतली. मी सांगते, गोळीनं घेतली. माझं कोणी ऐकत नाही, अन् ऐकावं तरी काहून? गोळी देणारी मीच. मी विमल, नेरपासून नऊ किलोमीटरवरच्या या गावाची आशाताई. बारा वर्षं झाली. कोणाले दिवस गेले, कोणाचं पोट पडलं, कोणाचं बीपी किती, सारं माझ्या रजिस्टरात असते. चंदाचंही होतं. खोटं होतं, पण होतं.

आधी ती कशी होती ते सांगते, नाहीतर तुम्ही तिले बिचारी म्हणाल. बिचारी बिलकूल नव्हती. दारव्ह्याकडची पोरगी, लग्नात भांड्यांऐवजी शिलाई मशीन मागून आणलेली. ब्लाउज असा शिवे की बाया नेरच्या टेलरले विसरल्या. अन् तोंड? बाप्पा रे! रस्त्याच्या त्या टोकाहून नवऱ्याले हाक मारे, "अवो, ऐकलं का," तर चार घरचे नवरे बाहेर येत. मले म्हणे, "विमलताई, तुहं रजिस्टर फुगून राह्यलं का तू?" मी रागावली की खो खो हसे. तिचं हसणं आधी ऐकू ये, मग ती दिसे. आमच्यात पाच वर्षांचं अंतर, पण गावात जिवाची म्हणावी अशी मले ती एकच होती.

भादव्यात तर तिच्याशिवाय गावाचं पान हलत नव्हतं. सात घरच्या महालक्ष्म्यांले साडी तीच नेसवे. निऱ्या अशा बसवे की मुखवटा ठेवल्यावर वाटे, आता ह्या दोघी पाणी मागतील. मथुराबाईच्या घरच्या महालक्ष्म्या मोठ्या, नवसाच्या. त्यांच्या जेवणाले अर्धं गाव येते.

तिचं दुखणं एकच, अर्धशिशी. दोन-तीन महिन्यांतून एकदा डोक्याले ओढणी करकचून बांधून अंधारात पडे. मथुराबाई सूर्य उगवायच्या आधी दुधात जिलेबी चारे, तो आमच्याकडचा जुना उपाय. दुसऱ्या दिवशी चंदा पुन्हा मशीनवर. सगळ्या गावाले ठाऊक होतं, मलेही होतं.

मागच्या वर्षी माघात ती माझ्या घरी आली अन् दार लोटून घेतलं. म्हणाली, "ताई, मले गोळी दे."

"कायची?"

"पाळणा थांबवायची. पोट्टी नको समजू मले, सरळ दे."

तिले दोन पोरी, खुशी अन् अर्पिता. मथुराबाईले नातू पाहिजे होता. प्रफुल्लभाऊ माणूस चांगला, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. तिकडे बचत गटाले शाळेच्या गणवेशाचं काम मिळालेलं, अन् ते सारं चंदाच्या मशीनवर उभं. "आता पोट आलं तर गेलं माह्यं सारं," ती म्हणाली. मग माझा हात धरला. "तुले माह्या खुशीची शपथ हाय, कोणाले सांगशील तर."

आमच्याकडे शपथ घातली म्हणजे घातली. मोडली तर जिच्या नावानं घातली तिच्यावर जाते. सोडायची तर घालणारीनंच 'सुटली' म्हणायचं, दुसऱ्या कोणाचं चालत नाही. मी बारा वर्षांची आशाताई, शिबिरात बायांले सांगते की असं काही नसते. पण खुशीले मी पहिल्या दिवसापासून मांडीवर खेळवलेलं. मी 'बरं' म्हटलं.

आता नियम काय ते ऐका. ही गोळी, एकवीस पांढऱ्या अन् पाळीच्या दिवसांतल्या सात काळ्या, चॉकलेटसारखी वाटायची नाही. सुरू करायच्या आधी उपकेंद्रावर नेऊन बीपी पाहायचं. मग कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारायचे. वय पस्तिसाच्या वर हाय का अन् बिडी ओढते का. अंगावर पिणारं लेकरू हाय का. कावीळ झाली का. पायाच्या पोटरीत कधी गाठ धरली का. छातीत गोळा हाय का. अन् डोकं दुखायच्या आधी डोळ्यासमोर काही चमकते का. यातल्या एकाही गोष्टीले हो आलं तर थांबायचं, डॉक्टरले विचारायचं. तांबी हाय, दुसऱ्या गोळ्या हायेत, मार्ग पुष्कळ असतात.

चंदा उपकेंद्रावर यायले तयार नाही. तिथं झाडझूड करायले मथुराबाईची मावसबहीण, संध्याकाळच्या आत घरी खबर गेली असती. "तुले माह्यं काय ठाऊक नाही? तूच लिही न," ती म्हणाली. मी चहा ठेवला अन् लिहिलं. बीपी मनानंच लिहिलं, एकशे वीस-ऐंशी. बाकी प्रश्नांपुढे 'नाही, नाही' करत गेली. डोकेदुखीच्या प्रश्नापाशी हात जरा थांबला होता, खोटं नाही सांगत. पण वाटलं, डोकं कोणाचं दुखत नाही? चमकण्याचं तिले विचारलंच नाही. ती समोर बसली होती, चहात बिस्कीट बुडवून खात होती, अन् मी तिले विचारलं नाही.

पहिले तीन महिने ठीक गेले. गणवेश शिवून झाले, चंदा नव्या चपला घालून फिरली. पुढं अर्धशिशी महिन्याले यायले लागली, मग आठवड्याले. ओढणी डोक्यावरून उतरेना. मी पिशवीतल्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या अन् म्हटलं, ऊन लागलं असन. आषाढात तर ऊनच नव्हतं.

श्रावणात एक दिवस मी तिच्याकडे बसली होती. ती कापड बेतून राह्यली होती अन् कात्री हातातून खाली पडली. उचलायले गेली, पुन्हा पडली. तिनं उजवा हात डोळ्यासमोर धरला, उलटा-सुलटा करून पाहिला. "ताई, पाह्य न, बोटं माह्यी नाहीत म्हणतात," असं म्हणून हसली. पाच-दहा मिनिटांनी बोटं परत आली. अन् मी म्हटलं काय, "कामं कमी कर, चंदे." अवं, मेल्ये विमले, त्याच दिवशी गोळी बंद करून तिले डॉक्टरपाशी न्यायचं नव्हतं का? पण नेलं असतं तर कागद निघाला असता. अळीमिळी गुपचिळी, दोघीही गप्प.

महालक्ष्म्या जवळ आल्या. तारखेचा हिशोब केला तर तिची पाळी नेमकी जेवणाच्या दिवशी. बाजूले बसावं लागलं असतं, अन् साड्या नेसवणार कोण? म्हणाली, "काळ्या गोळ्या फेकते, दुसरं पाकीट लगेच लावते." मी म्हटलं लाव. तसं यात वावगं नाही म्हणतात, जिले ही गोळी चालते तिच्यासाठी. चंदाले ती चालतच नव्हती, अन् हे सांगायचं काम माझं होतं. पाळी टळली तशी मथुराबाई खूश. गावभर सांगत फिरली, "देवीनंच सुनेची तारीख सांभाळली."

जेवणाच्या दिवशी सकाळी मी भाज्या निवडायले गेली. सोळा भाज्या, आंबील, पुरण, घरात पाय ठेवायले जागा नाही. चंदा महालक्ष्म्यांपाशी उभी होती, मोठीच्या पदराले पिन लावत. तोंड पांढरं फटक. मी विचारलं तर म्हणाली, "आज उजेड लय हाय ताई." मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर आभाळ होतं.

साडेबाराले आरती सुरू झाली. ताट तिच्या हातात होतं. दुसरं कडवं चालू असताना ताट उजवीकडे कललं, निरांजन घरंगळलं, तेल सांडलं अन् चंदा महालक्ष्म्यांपुढे बसली. बसली म्हणजे खाली उतरली, पोतं उतरते तशी. डोळे उघडे, तोंडातून नुसता 'ह... ह...' असा आवाज.

कोणीतरी ओरडलं, "अंगात आलं! देवी आली!"

मग काय विचारता. मथुराबाईनं तिच्या कपाळावर कुंकू थापलं. कापूर पेटवला. खण-नारळानं ओटी भरली. बायांची पाया पडायले रांग लागली. चंदाच्या माहेरची एक म्हातारी मावशी जेवायले आली होती, ती एकटीच म्हणाली, "पोरीचं तोंड वाकडं काहून दिसते?" तिले मागे ओढून बसवलं. अन् मथुराबाईनं पदर पसरला. "माय, सांग, माह्या घरी नातू येईन का?"

चंदानं 'ह...' केलं. मथुराबाईनं टाळ्या वाजवल्या. बाया रडल्या. मी जागच्या जागी गार झाली.

कारण मले कळलं होतं. पाहिल्या पाहिल्या कळलं होतं. तोंड एका बाजूनं उतरलेलं, उजवा हात मांडीवरून खाली लोंबलेला, बोली गेलेली. आम्हाले शिकवलं होतं, असं दिसलं की घड्याळ पाहा अन् माणसाले घेऊन निघा, एक मिनिट घालवू नका. मी घड्याळ पाहिलंही. बारा पंचेचाळीस.

अन् मी बसून राहिली.

शपथ आठवली. 'सुटली' म्हणणारीच्या तोंडून शब्द निघत नव्हता. मी बोलली अन् खुशीले काही झालं तर? पण पूर्ण खरं सांगते, खुशीची भीती अर्धीच होती. अर्धी भीती त्या कागदाची. डॉक्टर पहिले विचारन, काय घेते? कोणी दिलं? बीपी कुठं पाहिलं? मनात म्हटलं, थोडी वाट पाहू, श्रावणात बोटं आपोआप आली होती, तोंडही येईन. पंगत बसली, मले हाताले धरून बसवलं. पानावर पोळी वाढली, वरून तुपाची धार. चंदा देवीपाशी भिंतीले टेकवलेली, कुंकवानं लाल, अन् तिचे डोळे माझ्यावर. तिले सारं कळत होतं. मी मान खाली घातली अन् जेवली.

दुसरी पंगत बसली. तेव्हा खुशी माझ्यापाशी आली, चौदा वर्षांची पोरगी, कानाशी लागून म्हणाली, "मावशी, आईनं साडीत लघवी केली. देवी असं करते का वो?"

मी उठली. उष्ट्या हातानंच उठली. सव्वादोन वाजले होते.

"प्रफुल्लभाऊ, गाडी पाहा! देवी नाही हे, लकवा हाय!"

मथुराबाई अंगावर आली. "माह्या देवीले लकवा म्हणते, रांडके?"

"काकू, ती गोळ्या खाते. पाळणा थांबवायच्या. मी देते तिले, माघापासून. त्या गोळीनं डोक्यात रक्ताची गाठ होऊ शकते. गाडी पाहा म्हणते न मी!"

साठ-सत्तर माणसांदेखत मथुराबाई माझ्या तोंडावर थुंकली. प्रफुल्लभाऊ मात्र आयुष्यात पहिल्यांदा आईकडे न पाहता बाहेर पळाला, शेजारच्या पुंडलिकरावांची गाडी घेऊन आला अन् चंदाले उचललं. मथुराबाई पाया पडली, "विसर्जनाच्या आधी देवीले घराबाहेर काढू नको रे." तो थांबला नाही. तीही मग रडत गाडीत बसली.

नेरले नेलं. तिथल्या डॉक्टरनं पाहता क्षणी यवतमाळले पाठवलं, अँब्युलन्स दिली. गाडीत मी चंदाचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिचा डावा हात माझ्या पदराले घट्ट. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो निघाला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, कधी सुरू झालं? मी सांगितलं, साडेबाराले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"गाठ विरघळायचं इंजेक्शन असतं," मग त्या म्हणाल्या, "पण साडेचार तासांच्या आत. वीस मिनिटं उशीर झाला."

वीस मिनिटं. अन् मी दीड तास पंगतीत बसली होती.

त्यांनी पुढं विचारलं, "डोकं दुखायच्या आधी यांना डोळ्यांपुढे चमकायचं का? वेड्यावाकड्या रेषा, उजेड?"

मी 'माहीत नाही' म्हणणार, तर दारात उभी मथुराबाई पदर सावरून बोलली, "हाव न. लग्न होऊन आली तेव्हापासून दिसते तिले. देवीचा उजेड हाय तो. मीच म्हटलं होतं, सांगत नको फिरू, दृष्ट लागन." डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवला. अशा बाईले ही गोळी कधीच द्यायची नसते, एवढंच म्हणाल्या. मले बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चंदा वाचली. सतरा दिवसांनी घरी आली. चालते, पाय ओढत. उजवा हात तसाच. बोलणं गेलं ते गेलं, सारं समजते पण शब्द येत नाही. मशीनवर चादर टाकली हाय. माझी चौकशी झाली. कागद खोटा भरला, मी सरळ कबूल केलं. ताकीद मिळाली, काम राहिलं. आता मी एकाही बाईले बीपी पाहिल्याशिवाय पाकीट देत नाही. चमकते का, बोटं सुन्न पडतात का, पोटरी दुखते का, विचारून विचारून जीव नकोसा करते. गोळी चालू असताना यातलं काही झालं तर गोळी बंद अन् सरळ दवाखाना, रात्र असो का सण असो. मागच्या महिन्यात दोघींले परत पाठवलं, एकीनं तांबी बसवली. बैल गेला अन् झोपा केला, लोक तोंडावर म्हणतात. म्हणू द्या.

मथुराबाईनं मात्र आपली गोष्ट रचून घेतली. सुनेनं गोळी खाल्ली म्हणून देवी कोपली, पण घर सोडून गेली नाही, हिच्यातच बसली. शुक्रवारी बाया येतात, चंदाची ओटी भरतात, लेकराचं मागणं मागतात. चंदाले ते सहन होत नाही, तिच्या डोळ्यातून पाणी गळते. बाया म्हणतात, देवीचे डोळे भरले. माझं टाळकं फिरते. एकदा मी नारळ उचलून अंगणात फेकला, तर चार बायांनी मले बाहेर काढलं.

तरी मी रोज दहाले जात होती. दवाखान्यात शिकवलं तसं तिच्या उजव्या हाताचा व्यायाम घेत होती. एकेक बोट उघडायचं, मिटवायचं, मनगट फिरवायचं. मले पाहिलं की ती अर्ध्या तोंडानं हसे. डाव्या हातानं माझा गाल धरे. प्रफुल्लभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, "विमलताई भर पंगतीत बोलल्या म्हणून माह्यी चंदा वाचली." चंदा मान हलवे, हो हो. अन् मी खाली पाहून बोटं मोजे.

दिवाळी झाली, कापूस घरात आला, तरी पंगतीतल्या त्या दीड तासाचं मी कोणाले सांगितलं नव्हतं. एक दिवस घरात आम्ही दोघीच. तिचा हात माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, "चंदे, तुले एक सांगायचं हाय."

तिनं पाहिलं.

"तुह्या तोंडाकडे पाहिलं तेव्हाच मले कळलं होतं. पावणेएकाले. मी सव्वादोनले उठली. शपथेले भेली, पण त्याहून जास्त माह्या कागदाले भेली. तू माह्याकडे पाहून राह्यली होती अन् मी पोळी खाल्ली. दुसरीही घेतली होती, चंदे."

ओरडायले तिच्यापाशी आवाज नव्हता, शिवी द्यायले शब्द नव्हता. मी वाट पाहिली की मारन, थोबाडीत देईन, मले तेच पाहिजे होतं. तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात माझ्या मांडीवरून उचलला अन् आपल्या मांडीवर नेऊन ठेवला.

तेव्हापासून ती मले हात लावू देत नाही. मी रोज दहाले जाते, उंबऱ्यात बसते. खुशी आईचं एकेक बोट उघडते, मिटवते, अन् मी बाहेरून सांगते कसं करायचं ते.